दिगूकाका वेल्सकर

आमच्या गल्लीत तीन जोशी राहत होते आणि तिघांचीही नावं दिगूकाकांनी बदलून टाकली होती. घड्याळं दुरुस्त करायचे ते जोशी-घड्याळ. कोर्टाबाहेर स्टँपपेपर विकायचे ते जोशी-स्टँप. तिसरे जोशी काहीच करत नसत, नुसते खोकत, म्हणून ते जोशी-दमा. हे नाव जोशी-दमांना मुळीच पसंत नव्हतं. ते तावातावानं दिगूकाकांच्या ओट्यावर भांडायला आले, पण मध्येच खोकल्याची उबळ आल्यामुळे भांडण अर्धवट राहिलं आणि नाव पक्कं झालं.

"अहो, यात अपमान कसला?" दिगूकाका त्यांची पाठ चोळत म्हणाले. "वेल्समध्ये अशीच रीत आहे. अर्ध्या गावाचं आडनाव जोन्स आणि उरलेल्याचं विल्यम्स. मग माणूस ओळखायचा कसा? म्हणून जोन्स-पाव, जोन्स-टपाल, विल्यम्स-कोळसा. कोणी रागावत नाही."

"तुमच्या विलायतेत चालत असेल!" जोशी-दमा कसेबसे म्हणाले.

झालं. दिगूकाकांनी पाठ चोळणं थांबवलं, ताठ बसले आणि एक बोट वर करून त्यांनी ते वाक्य म्हटलं. ते वाक्य आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

"विलायत नव्हे, इंग्लंड नव्हे. वेल्स!"

दिगूकाका हे नाशिकचे क्षेत्रोपाध्याय. म्हणजे बाहेरगावचे यात्रेकरू आले की त्यांना रामकुंडावर नेऊन स्नान, श्राद्ध, अस्थिविसर्जन करवून द्यायचं, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. तरुणपणी काही वर्षं ते टपालखात्यात होते, तेवढ्यापुरतं इंग्रजी त्यांच्या तोंडी बसलं होतं. थोरल्या भावाच्या पश्चात नोकरी सोडून ते कुंडावर आले. उंच, किडकिडीत माणूस. शेंडी, भस्म, धाबळी, सगळं यथासांग. पण गळ्यात मात्र लालभडक लोकरीचा मफलर. वैशाखातसुद्धा. अंगावर उपरणंही नाही आणि मानेला मफलर, असा हा गृहस्थ घाटावर उभा राहून खणखणीत आवाजात संकल्प सांगत असे, तेव्हा परगावचा यजमान मंत्राकडे कमी आणि मफलरकडे जास्त लक्ष देई. तो मफलर वेल्समधल्या पॅरी नावाच्या एका बाईनं विणून दिला होता, एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलेलं.

मी लग्न होऊन या गल्लीत आले आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. दिगूकाकांच्या शास्त्राप्रमाणे माझं नाव पाटीबाई. त्याला कारण होतं. त्यांच्या म्हणण्यानुसार जगातल्या साऱ्या चांगल्या पाट्या वेल्सच्या डोंगरातून निघतात. तो डोंगरच पाटीच्या दगडाचा. घरांवर कौलांच्या जागी पाट्या, अंगणाच्या कुंपणाला पाट्या, दुधाच्या भांड्यावर झाकायला पाटी. एकदा ते आमच्या मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी काढून थेट माझ्या वर्गात आले. एकेका मुलीची पाटी घेऊन बोटाच्या पेरानं वाजवून कानाशी धरली. "ही वाजते. ही वेल्सची. ही बद्द बोलते, ही कुठली कोण जाणे." जिची पाटी बद्द निघाली ती मुलगी रडू लागली.

एवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं पाटीवर पचकन थुंकून परकराच्या काठानं ती पुसली. सगळ्याच मुली तसं करत. मीही लहानपणी तेच केलं होतं. पण दिगूकाकांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्याच तोंडावर थुंकलं असावं. "थुंकी लावायची नाही!" ते ओरडले. "त्या दगडाला थुंकी लावायची नाही!" दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपलं एक धुतलेलं उपरणं फाडून, त्याच्या चिंध्या करून, प्रत्येक मुलीसाठी एकेक ओलं फडकं घेऊन हजर. पुढे तपासणीला साहेब आले तेव्हा वर्गाच्या स्वच्छतेची त्यांनी तोंडभरून स्तुती केली. ती शाबासकी मी मुकाट्यानं पदरात पाडून घेतली.

त्यांच्या ओट्यावर रोज दुपारी 'कबान' भरे. कबान म्हणजे काय, तर वेल्समधले खाणकामगार दुपारची भाकरी खायला ज्या दगडी खोपटात बसतात ते. तिथे नुसतं खात नाहीत म्हणे. एकाला अध्यक्ष करतात, विषय ठरवतात आणि वाद घालतात, कविता म्हणतात, गातात. "हातात घण असणारी माणसं! आणि चहा पीत पीत काव्यावर बोलतात!" हे दिगूकाका ओट्यावर थाप मारून सांगत. मग आमच्या गल्लीतही कबान सुरू झाला. अध्यक्ष रोज वेगळा. विषय दिगूकाका देत. काव्यावर बोलायला कोणी तयार नसल्यामुळे बहुतेक विषय खाण्याचे असत.

सगळ्यात गाजला तो कांद्यावरचा वाद. निफाडचा कांदा श्रेष्ठ की सटाण्याचा? वडिलांच्या श्राद्धासाठी सटाण्याहून आलेला एक कांद्याचा व्यापारी त्या दिवशी दिगूकाकांकडेच उतरला होता. डोक्याचं मुंडण केलेलं, श्राद्धाचं जेवण होऊन सुस्तावलेला. पण निफाडचं नाव ऐकताच तो उठून बसला. "तुम्ही काय बी म्हना महाराज, आम्हना सटाणाना कांदाच भारी शे!" जोशी-स्टँपांनी निफाडची बाजू घेतली. आवाज इतके चढले की रस्त्यावरून चाललेला पोलीस आत आला. ते दिवस सत्याग्रहाचे होते, चार माणसं एकत्र दिसली की पोलीस थांबायचाच. दिगूकाकांनी त्याला त्या दिवसाचा अध्यक्ष केलं. त्यानं निकाल सटाण्याच्या बाजूनं दिला आणि कांदाभजी खाऊन गेला.

किल्ल्यांच्या गोष्टीवर मात्र ते गंभीर होत. "आपले किल्ले आपल्यासाठी बांधलेले," ते म्हणत. "तिकडचे किल्ले इंग्रजांच्या राजानं वेल्सच्या लोकांना दाबून ठेवायला बांधले. भिंती बघितल्यात तर छाती दडपते. आणि त्यांच्या पोरांनी शाळेत स्वतःच्या भाषेत एक शब्द काढला की गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. दुसरा कोणी बोलला की फळी त्याच्या गळ्यात; दिवस संपताना ज्याच्या गळ्यात ती असेल त्याला छड्या. तुम्ही मास्तरीण आहात पाटीबाई, तुम्हीच सांगा, मुलं काय मनात धरतील?" मग आपणच हसून ते किल्ल्याची पुढची गोष्ट सांगत. पहिल्या किल्ल्याच्या दाराशी गेल्यावर त्यांनी सवयीनं वहाणा काढल्या. एवढं जुनं ठिकाण, पायात घालून कसं जायचं? शिवाय आल्यासारखी एक प्रदक्षिणाही घालावी म्हणून ते भिंतीकडेनं अनवाणी चालू लागले. दरवानाला वाटलं, म्हाताऱ्याचा पाय मुरगळलाय. त्यानं धावत येऊन त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि पायाला चोळायला तेल आणून दिलं.

आम्ही हसून हसून लोळायचो. पण एक गोष्ट लवकरच माझ्या लक्षात आली. त्यांच्या वेल्सच्या वर्णनात एक मोठं भोक होतं. सुरुवात नेहमी स्टेशनावर होई. "उतरलो तर एकही उपाध्या पुढे आला नाही हो! आपल्या नाशिक रोडला यात्रेकरूचा पाय खाली पडायच्या आत चार जण विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय, तुमचा उपाध्याय कोण. तिथे कोणी विचारेना. मी आपला ट्रंकेवर बसून राहिलो." इथे आम्ही हसायचं. आणि त्यानंतर एकदम किल्ला. स्टेशन आणि किल्ला यांच्या मध्ये काय झालं, ते कोणी विचारत नसे. कारण ते वेल्सला कशासाठी गेले होते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

ते किल्ले बघायला गेले नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा माधव खाणीचं शास्त्र शिकायला तिकडे गेला होता आणि त्या पाटीच्या डोंगराखालच्या गावी, पॅरीबाईंच्या घरी राहत होता. ऐन थंडीत त्याला न्यूमोनिया झाला. तार आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहनाची सोय त्या गावात नव्हती, म्हणून गावकऱ्यांनी आपल्या दफनभूमीत त्याला पुरलं होतं.

घाटावरच्या ब्रह्मवृंदानं तोड सुचवली. देह हाती लागला नाही की पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो पालाशविधी करावा. दिगूकाकांनी स्वतः कितीतरी घरांचा तो करवला होता. यमुनाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, साफ नाही म्हटलं. एरवी ही बाई मोठ्यानं बोलायची नाही. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज आमच्या माजघरापर्यंत आला. "साऱ्या मुलखाची हाडं तुम्ही आपल्या हातानं कुंडात सोडलीत. माझ्या पोराच्या जागी पळसाच्या काड्या जाळायच्या? मला काड्या नकोत. मला माझा माधव आणून द्या."

दिगूकाकांनी सायखेड्याची गोदाकाठची जमीन विकली आणि बोटीचं तिकीट काढलं. समुद्र ओलांडला तर यजमान तुटतील, असं भाऊबंदांनी बजावलं. ते गेलेच. आणि तीन-साडेतीन महिन्यांनी परत आले.

त्या दिवशी मी तिथेच होते. काकूंनी देवघराशेजारची जागा शेणानं सारवून, रांगोळी घालून ठेवली होती. अस्थी घरात आणत नाहीत हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण एक रात्र तरी त्याला घरी ठेवणार होत्या, कोणी काही म्हणो. टांगा थांबला. दिगूकाका उतरले. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात छत्री, गळ्यात तो लाल मफलर. काकूंनी त्यांच्या हातांकडे बघितलं, मग टांग्यात बघितलं, मग पुन्हा हातांकडे. दिगूकाका म्हणाले, "जमलं नाही." एवढंच. काकू आत गेल्या आणि त्यांनी ती रांगोळी पायानं पुसली.

तेव्हापासून काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. संसार सगळा नीट चालू होता. वेळेवर जेवण, धुतलेली धोतरं, कबानाला चहा. फक्त बोलणं माझ्यामार्फत. "पाटीबाई, त्यांना म्हणावं ताट वाढलंय." दिगूकाका दोन हातांच्या अंतरावरच बसलेले असत. "पाटीबाई, त्यांना म्हणावं आलोच." मी दोन्हीकडचे निरोप इमानेइतबारे पोचवी. मी नसले तर दोघं अंगणातल्या तुळशीला सांगत. तुळस मध्यस्थ म्हणून माझ्यापेक्षा बरी होती, ती शब्द बदलत नसे.

आणि याच माणसानं दुसऱ्याच महिन्यापासून ओट्यावर बसून किल्ल्यांच्या गोष्टी सुरू केल्या! गल्लीला ते कसं पटावं? तोंडावर सगळे हसत, पाठीमागे म्हणत, गेला होता पोराच्या अस्थी आणायला आणि आला मुलूख बघून. मीसुद्धा मनातून त्यांच्यावर चिडले होते. आत काकू डाळ निवडत बसलेल्या असायच्या आणि बाहेर हे कामगारांची गाणी काय, फळी काय, प्रदक्षिणा काय! वाटे, यांना दगडाचं काळीज दिलंय देवानं. काकू मात्र डाळ निवडताना खिडकीशीच बसत. ऐकायचं नसतं तर मागच्या दारी बसता आलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या वर्षी फाल्गुनात एक नवीनच कुजबूज सुरू झाली. दिगूकाका शरणपूरला एका ख्रिस्ती कंपाउंडरकडे जाऊन काहीतरी विचारून येतात. मग एका रविवारी पहाटेच पिशवी घेऊन देवळालीच्या छावणीत जातात, ते दुपारनंतर परततात. गेल्या वर्षीही गेले होते, त्याच्या आदल्या वर्षीही. पिशवीत काय असतं? जोशी-दमांनी पाहिलं होतं. फुलं आणि चुना. "चुना कशाला?" कोणीतरी विचारलं. "नवं घर रंगवायला," जोशी-दमा म्हणाले, आणि खोकले. कोणी म्हणे ते बाटणार, कोणी म्हणे छावणीत त्यांनी एक वेल्सकरीण आणून ठेवली आहे. सूड म्हणून जोशी-दमांनीच त्यांचं नाव दिगूकाका वेल्सकर असं ठेवलं होतं, त्याला आता निराळाच रंग चढला.

हे काकूंच्या कानावर गेल्याशिवाय कसं राहील? त्या रविवारी दिगूकाका निघून गेल्यावर त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लुगडं बदललेलं, कपाळावर कुंकू ठसठशीत. "टांगा सांगितलाय," म्हणाल्या. "तू चल. मला एकटीला तिकडचं कळायचं नाही." उन्हं वर येत होती, टांग्याचा घोडा म्हातारा होता, आणि मी मनात जुळवाजुळव करत होते की छावणीतल्या एखाद्या बंगलीतून खरंच कोणी गोरी बाई बाहेर आली तर काकूंना कसं सावरायचं.

टांगेवाल्यालाच ठाऊक होतं. "भटजीबुवा ना? ते गोऱ्यांच्या कब्रस्तानात जात्यात," असं म्हणून त्यानं आम्हाला एका लोखंडी फाटकाशी सोडलं. आत एक म्हातारा चौकीदार खाटेवर बसला होता, करीमभाई त्याचं नाव. आम्हाला बघून तो लगबगीनं उठला. "पंडितजींच्या घरचे का? या, या. तिकडे मागे आहेत, कडुलिंबाखाली. दर साल येतात. पयल्या साली मला वाटलं रस्ता चुकले. मी म्हटलं, पंडितजी, मंदिर तिकडे आहे."

कडुलिंबाखाली दिगूकाका होते. धोतराचा काचा मारलेला, जानवं उजव्या खांद्यावर घेतलेलं, मफलर झाडाला टांगलेला. एका साध्याशा थडग्याच्या कडेला जे विटांचं कुंपण होतं त्याला ते कुंचल्यानं चुना लावत होते. दगड धुऊन झाला होता, त्यावर झेंडूची फुलं होती. तोंडानं ते काहीतरी पुटपुटत होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा मला शब्द ओळखू आले. तर्पणाचेच होते. नावाच्या जागी ते दगडावरचं इंग्रजी नाव घेत होते, आणि गोत्राच्या जागी काश्यप. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप गोत्र देतात.

त्यांनी वर बघितलं. काकूंना पाहून कुंचला हातातच राहिला. मग सवय कुठे जाते? ते माझ्याकडे वळले.

"पाटीबाई, त्यांना सांगा, हा पोरगा वेल्सचा आहे. पलटणीतला. तापानं गेला इथे. दगडावर त्यांच्या भाषेतली एक ओळ आहे, त्यावरून मी ओळखला."

"काकू, हा पोरगा वेल्सचा आहे," मी म्हटलं. काकू माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

"त्यांना विचार," काकू म्हणाल्या, "याचं इथे करतात, आणि माझ्या पोराचं का नाही केलं?"

दिगूकाका खाली बसले. मग जमिनीकडे बघत बोलू लागले, आणि मी निरोप पोचवणं सोडून दिलं.

"त्यांना सांगा, स्टेशनावर कोणी आलं नाही म्हणतो ते खोटं आहे. एक म्हातारा आला होता. टोपी काढून म्हणाला, तुम्ही माधवचे वडील ना? चेहऱ्यावरून ओळखलं त्यानं. मी बोटीवर सारा प्रवास एकच वाक्य घोकत होतो, इंग्रजीत. माझ्या मुलाचं थडगं उघडायची परवानगी द्या. त्याच्यापाशी म्हणणार होतो, पण त्यानं ट्रंक उचलली आणि चालू लागला. म्हटलं, उद्या म्हणू. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बघतो तो सगळं गाव बादल्या, ब्रश आणि फुलं घेऊन निघालेलं. ईस्टरच्या आदल्या रविवारी त्यांचा तो दिवस असतो, तारीख दर वर्षी बदलते, म्हणून मी शरणपूरला विचारून येतो. आपली सर्वपित्री असावी तसा. आपापल्या माणसांची थडगी धुवायची, चुन्यानं सारवायची, फुलं वाहायची. मीही गेलो. पॅरीबाई गुडघ्यांवर बसून एक दगड घासत होती. काळा, पाटीचा दगड, त्यावर माधवचं नाव. एका बाजूला तिचा नवरा, दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा, खाणीत गेलेला. मधली जागा तिनं स्वतःसाठी राखली होती, ती आपल्या माधवला दिली. दगड पुसला, पिवळी फुलं ठेवली, आणि माझ्याकडे बघून तिनं विचारलं, आम्हाला तुमची रीत माहीत नव्हती हो, नीट झालं ना सगळं?"

"मग?" काकूंनी विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही.

"मग काय? मी म्हणालो, नीट झालं." दिगूकाकांनी कुंचला खाली ठेवला. "ते घोकलेलं वाक्य तोंडात होतं. नाही काढता आलं. त्या बाईच्या हातातून पोर कसं मागू? रोज थडग्यापाशी जाऊन बसायचो, उद्या मागू, उद्या मागू. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं गावाला दिवस वाटून दिले. आज जोन्स-टपाल यांना किल्ला दाखवेल, उद्या विल्यम्स खाणीत नेईल. माधवला जिथे जिथे नेलं होतं तिथे तिथे मला नेलं. इथे तो बसला होता, इथे तो आमच्याबरोबर गायला, या खोपटात त्यानं एकदा भाषण केलं. महिना संपला आणि मी हात हलवत निघालो. घरी येऊन काय सांगणार होतो? मागायची लाज वाटली म्हणून? हे त्याच्या आईला सांगायचं?"

मी कडुलिंबाला टेकून उभी राहिले. तीन वर्षं हा माणूस ओट्यावर बसून आम्हाला किल्ले सांगत नव्हता, माधव सांगत होता. त्याचं नाव या घरात घेता येत नव्हतं, म्हणून तो जिथे जिथे चालला त्या जागांची नावं घेत होता. आणि आम्ही हसत होतो.

काकूंनी थडग्यावरचं नाव निरखून बघितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. मग करीमभाईनं आणून ठेवलेली कळशी त्यांनी जवळ ओढली आणि दगडाच्या खाचेत राहिलेली माती नखानं काढून धुऊ लागल्या. दिगूकाका बघत होते. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं.

"अहो," काकू म्हणाल्या.

मान वर केली नव्हती. पण तीन वर्षांत पहिल्यांदा ती हाक माझ्यासाठी नव्हती आणि तुळशीसाठीही नव्हती.

"त्याला थंडी सोसायची नाही हो. लहानपणापासून. तो आहे तिथे ऊन येतं का?"

मी चौथीला भूगोल शिकवत होते. त्या बेटाच्या पश्चिमेच्या डोंगरांत ऊन किती आणि पाऊस किती, ते मला माहीत होतं. दिगूकाका तर महिनाभर तिथे राहिले होते.

"येतं की," ते म्हणाले. "सकाळचं येतं. डोंगरावरून उतरतं ते सरळ त्याच्या अंगावर. दुपारपर्यंत असतं."

"चांगलं ऊन?"

"चांगलं. आपल्या पौषासारखं."

काकूंनी मान हलवली. दिगूकाकांचे डोळे वाहत होते आणि ते मनगटानं पुसू बघत होते, पण हात कोपरापर्यंत चुन्यानं भरलेले.

"थांबा," काकू म्हणाल्या, "डोळ्यांत जाईल." आणि माझ्यासमोर, करीमभाईसमोर, उठून त्यांनी आपल्या पदरानं नवऱ्याचा चेहरा पुसला.